न उघडलेले बूच

"मला ठाऊक नव्हते" या तीन शब्दांनी मनुष्य आपल्या आयुष्यातील किती दोषांतून सुटका करून घेत असतो, याचा हिशेब कोणी मांडला तर तो मोठा उद्बोधक होईल. कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालय मानीत नाही. परंतु वस्तुस्थितीचे अज्ञान पुष्कळदा मानते. घरात, शेजारात आणि देवस्थानाच्या बैठकीत तर ते जवळजवळ नेहमीच मानले जाते. ठाऊक असून ज्याने केले तो अपराधी, ज्याला ठाऊक नव्हते तो बिचारा, अशी आपली सरळ विभागणी असते. ही विभागणी खरी आहे काय, असा प्रश्न मला उतारवयात पडला, आणि तो एका गंजलेल्या गजामुळे पडला.

आमच्या देवस्थानाच्या तळीला पायऱ्यांच्या कडेने लोखंडी कठडा होता. जांभ्या दगडात भोके पाडून त्यांत गज उभे केलेले आणि भोवती शिसे ओतून ते पक्के केलेले. हे काम आमच्या आजोबांच्या पिढीतले. दरवर्षी जत्रेपूर्वी त्याला रुपेरी रंग दिला जाई आणि त्या रंगाचे बिल चिटणीस या नात्याने मी मंजूर करीत असे. तीन वर्षांपूर्वी, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, आमच्या वाड्यावरील एक वृद्ध काकी पाय धुण्यासाठी तळीत उतरत होत्या. शेवाळावर पाय सरकला म्हणून त्यांनी कठड्याला हात घातला, आणि गज मुळापासून निखळला. मनगट मोडले, खुब्याच्या हाडाला तडा गेला. मी इस्पितळात भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी मला एवढेच सांगितले, "पुता, हांवें गज धरलो, आनी गज म्हजे वांगडाच आयलो."

समितीची बैठक झाली. मी म्हणालो, "गज आतून सडला आहे हे मला ठाऊक नव्हते." सर्वांनी माना डोलावल्या. कोणी म्हणाले, देवाने जीव राखला हे काय थोडे? उपचारांचा खर्च देवस्थानाने दिला, निखळलेल्या गजाच्या जागी नवा गज बसविला, आणि प्रकरण मिटले.

पुढील वसंतात मी माझ्या भाच्याकडे अमेरिकेत काही आठवडे राहिलो. तो मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या काठी अ‍ॅनापोलिसजवळ राहतो. गोव्याचा मुलगा, पाण्यापासून दूर राहणे त्याला जमत नाही. त्याने एक जुनी शिडाची नौका विकत घेतली होती: १९६६ साली बांधलेली, अठ्ठावीस फुटांची, फायबरग्लासची. हिवाळ्यात तेथे नौका पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभ्या करतात आणि वसंतात त्यांची डागडुजी करून पुन्हा पाण्यात सोडतात. दर शनिवारी-रविवारी तो त्या कामाला जाई आणि मी, दुसरा उद्योग नसल्यामुळे, हत्यारे हातात देण्यास त्याच्याबरोबर जाई.

नौकेच्या केबिनच्या छपरावर दोन्ही बाजूंना सागवानाच्या दोन लांब दांड्या होत्या. वारा भरून नौका कलते तेव्हा डेक हे अंगण राहत नाही, उतरते छप्पर होते. आणि पुढच्या शिडाशी जाणाऱ्या माणसाला या दांडीखेरीज दुसरा आधार नसतो. खलाशांत असा दंडकच आहे की कामाला एक हात द्यावा, दुसरा नौकेवरून सोडू नये. दांडी लाटेसारखी कापलेली असते. जेथे ती छपराला टेकते तेथे एकेक बोल्ट दांडीतून व छपरातून आरपार जातो आणि आतल्या बाजूस नटाने आवळला जातो. बोल्टचे डोके दांडीत खोल बसवून त्यावर सागवानाचेच एक गोल बूच ठोकतात व वरून रोगण देतात. काम चांगले असले तर बूच कोठे आहे हे बोटालाही कळत नाही.

त्या नौकेच्या दांड्या पाहून कोणीही प्रसन्न झाला असता. आधीच्या मालकाने रोगणाचे हात मोठ्या हौसेने दिले होते. परंतु केबिनमध्ये, आतल्या दोन नटांपाशी, तपकिरी डाग पडले होते आणि पावसात तेथून थेंब गळत. भाचा म्हणाला, "मामा, गळताहेत तेवढे दोनच बदलू. बाकीचे ठीक दिसताहेत."

पहिले बूच त्याने छिन्नीने फोडून काढले. खाली बोल्टचे डोके लखलखीत होते. नवीन म्हणून कोणी दुकानात विकावे असे. त्याने आतून नटाला पाना लावला, मी वरून डोके धरले, आणि अर्ध्याच फेऱ्यात बोल्ट तुटला. बाहेर आलेला तुकडा पाहून मी काही वेळ बोललो नाही. डोके शाबूत, नटाकडचे टोक शाबूत, आणि मधला भाग पेन्सिलीच्या टोकासारखा झिजून काळा पडलेला.

याचे कारण भाच्याने मला समजाविले आणि ते मला एखाद्या दृष्टान्तासारखे लक्षात राहिले आहे. त्या छपराचे तीन थर होते. वर व खाली फायबरग्लासचे पातळ कवच आणि मध्ये बाल्सा नावाचे अत्यंत हलके लाकूड, तंतू उभे राहतील असे कापून मांडलेले. त्यामुळे छप्पर हलके होते आणि ताठही राहते. परंतु जेथे बोल्टसाठी भोक पाडले तेथे लाकडाचा जीव उघडा पडतो. दांडीखालचे लुकण वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने वाळून भेगाळले की पाणी केसाएवढ्या वाटेने आत उतरते आणि लाकडात मुरते. बाहेर पडण्याची त्याला घाई नसते. आता स्टेनलेस पोलादाची गंमत अशी की ते गंजत नाही याचे श्रेय हवेला आहे. त्यातील क्रोमियम प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरते. तो खरचटला तरी हवेत पुन्हा धरला जातो. ओलसर, कोंदट, प्राणवायूविरहित अशा जागी मात्र तो पापुद्रा पुन्हा धरत नाही आणि पोलाद खोबणीत खोबणीत खाल्ले जाते. म्हणजे जेवढा भाग आपल्याला दिसू शकतो तेवढाच निरोगी राहतो! पाहणाऱ्यास फसविण्याची याहून पुरी व्यवस्था कोणी मुद्दाम केली असती तरी साधली नसती.

प्रश्न पुढे उभा राहिला तो उरलेल्या बोल्टांचा. दोन्ही दांड्यांना मिळून सोळा बोल्ट होते. ते ठीक आहेत की नाहीत हे बाहेरून सांगण्याचा उपाय नाही. बूच फोडल्याशिवाय डोके दिसत नाही, आणि बोल्ट उपसल्याशिवाय त्याचा मधला भाग दिसत नाही. आणि उपसणे हे फुकटचे नव्हे. बूच फोडताना सागवानाच्या कडेचा टवका उडतो. जेथे लुकण अजून धरून असेल तेथले तेही तुटते. जे कदाचित बरे आहे ते पाहण्यासाठी बिघडवावे काय, हा आक्षेप खोटा नाही. भाचा तासभर घुटमळला. त्याची सहा वर्षांची मुलगी त्या वेळी शिडी चढून वर आली होती आणि दांडीला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. त्याने तिला खाली उतरविले आणि दुसरे बूच फोडले.

संध्याकाळपर्यंत सोळाही निघाले. पाच अगदी नव्यासारखे होते. सात खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेले. चार पान्याखाली तुटले, आणि त्या चारांपैकी दोन अशा जागचे होते की तेथे आतल्या बाजूस डागाचा मागमूस नव्हता. मी ते सोळा तुकडे एका फळीवर ओळीने मांडले आणि त्यांच्याकडे पाहत बसलो. मला बोल्ट दिसत नव्हते. तळीचे गज दिसत होते.

इंग्लंडात विल्यम किंग्डन क्लिफर्ड नावाचा एक तरुण गणिती होऊन गेला. १८७९ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो वारला. पण १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर त्याने लिहिलेला निबंध अजून वाचला जातो. त्याचा आरंभ एका जहाजमालकाने होतो. जहाज जुने आहे, मुळात फार चांगले बांधलेले नाही, अनेकदा दुरुस्त झालेले आहे; ते आता देशांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन निघावयाचे आहे. मालकाच्या मनात शंका येते की तपासणी करून घ्यावी. परंतु खर्च मोठा. मग तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, परमेश्वर या गरिबांना सांभाळीलच. हळूहळू त्याची खरोखरीच खात्री पटते. जहाज भर समुद्रात बुडते आणि तो विम्याची रक्कम घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा मनुष्य त्या मृत्यूंचा अपराधी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे खरे. पण तसा विश्वास धरण्याचा त्याला अधिकार नव्हता, कारण तो त्याने शोध करून मिळविला नव्हता, शंका दडपून मिळविला होता. आणि पुढचे वाक्य अधिकच कठोर आहे: जहाज सुखरूप पोहोचले असते तरी त्याचा अपराध तिळभर कमी झाला नसता, तो केवळ उघडकीस आला नसता, इतकेच.

हा दृष्टान्त हवेत निर्माण झालेला नव्हता. कुजकी, अतिभाराची जहाजे समुद्रात धाडून खलाशांचे बळी घेतले जातात म्हणून सॅम्युअल प्लिमसोल याने त्या दशकात पार्लमेंट हलवून सोडले होते, आणि जहाजाच्या कुशीवर भाराची रेषा काढण्याचा कायदा १८७६ साली झाला होता. क्लिफर्ड स्वतः १८७० साली सूर्यग्रहण पाहण्यासाठी गेला असता सिसिलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेला होता. पाण्यात पडलेल्या माणसाचा हा निबंध आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झाला नाही असे मात्र कोणी समजू नये. ज्ञानाचे प्रामाण्य कोठून येते यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा शतकानुशतके वाद चालला. मीमांसक म्हणतो, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. समोर घट दिसला तर तो घट आहे असे धरून चालावे, प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाची साक्ष मागू लागलो तर साक्षींना अंत राहणार नाही. नैयायिक म्हणतो, तसे नव्हे. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्यावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफळ होते की नाही यावरून ठरते. तहानलेल्याला पाणी दिसले. ते पाणी होते की मृगजळ, हे प्याल्यावर ठरणार.

प्रथम मला वाटले की मीमांसक माझ्या बाजूचा आहे. कठडा भक्कम दिसत होता. मी तो भक्कम मानला. यात माझे काय चुकले? परंतु कुमारिलभट्टांच्या मताला एक अट आहे. ज्ञान स्वतः प्रमाण खरे, पण दोन प्रसंगी ते ढळते: त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान झाले तर, किंवा ज्या कारणापासून ते ज्ञान उपजले त्या कारणात दोष आहे असे कळले तर. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो. आपल्याला कावीळ आहे हे त्याला एकदा कळले की शंखाच्या पिवळेपणावर विसंबण्याचा त्याचा अधिकार संपला, मग शंख कोणी पुसून दाखवो वा न दाखवो. केबिनमधील तो तपकिरी डाग म्हणजे कारणदोषाचे ज्ञान. डाग पाहिल्यानंतर रोगणाच्या चकाकीची साक्ष बाद होते.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी समितीपुढे सांगितली नाही. अपघाताच्या आदल्या वर्षी रंग देणारा गडी माझ्याकडे आला होता. तो म्हणाला होता, "भाऊ, तिसऱ्या पायरीकडचा गज थोडा हलतो; खाली शिशापाशी पापुद्रे सुटले आहेत." मी त्याला म्हणालो, "जत्रा होऊन जाऊ दे, मग पाहू. आता रंग दे." जत्रा झाली, पाऊस आला, दुसरी जत्रा आली, पुन्हा रंग दिला गेला. मी विसरलो हे खरे आहे. बैठकीत "ठाऊक नव्हते" असे म्हणताना मी मुद्दाम खोटे बोललो नाही हेही खरे आहे. पण ते विसरणे कसे घडले? दगड फोडून गज काढावयाचा, शिसे पुन्हा ओतावयाचे, त्याला पैसे हवेत. आणि त्या वर्षी गर्भगृहाच्या दाराला चांदीचा पत्रा चढविण्यासाठी देणग्या येत होत्या. चांदीच्या पत्र्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते. शिशाच्या खाली नाव कोरता येत नाही. ज्याचे स्मरण गैरसोयीचे, ते विसरले गेले. माझे अज्ञान हे आपोआप साचलेले नव्हते. मी त्याला दरवर्षी रुपेरी रंगाचा एक हात देत होतो.

कोणी म्हणेल, क्लिफर्डचा मार्ग धरला तर श्रद्धेला जागा कोठे राहिली? पुरेशा पुराव्याशिवाय कोणीही, कोठेही, काहीही मानणे चूक, असे तो शेवटी म्हणतो, आणि तेथे माझे त्याच्याशी जमत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १८९६ साली त्याला उत्तर दिले; त्या वादात मी येथे शिरत नाही. मला इतकेच दिसते की देवावरील श्रद्धा आणि गजावरील भरवसा या दोन वस्तू आहेत. देवासमोर मी हात जोडतो तेव्हा त्या श्रद्धेवर माझाच भार असतो. गज भक्कम आहे असे मी मानतो तेव्हा त्या मानण्यावर काकींचा भार असतो. क्लिफर्डचा जहाजमालकही परमेश्वरावर भरवसा टाकूनच निर्धास्त झाला होता. आमच्या बैठकीत "देवाने राखले" असे जे म्हटले गेले, त्यात भक्ती होती हे मी नाकारीत नाही; परंतु माझ्या कानाला ते गोड लागले ते भक्तीमुळे नव्हे.

उलट बाजूचाही एक धोका आहे, आणि तो उदयनाचार्यांनी नेमका ओळखला. शंका करावयाची म्हटली तर तिला शेवट नाही. परंतु मनुष्याची स्वतःची कृती जेथे त्या शंकेशी विसंगत होऊ लागते तेथे शंकेने थांबले पाहिजे. अग्नीने धूर होतो की नाही अशी शंका घेणाराही धूर हवा असला म्हणजे अग्नीच पेटवितो. सोळा बोल्ट तपासून, बदलून झाल्यावर सतराव्या शंकेने दांडीला हातच लावू नये, तर नौका घेतली कशाला?

ते काम भाच्याने कसे पुरे केले ते सांगतो, कारण त्यात मला शिकण्यासारखे पुष्कळ आढळले. प्रत्येक भोक त्याने मोठे केले. वाकविलेला खिळा ड्रिलमध्ये धरून त्याने दोन कवचांमधले कुजके लाकूड खरवडून बाहेर काढले. काळा, ओला भुसा निघे आणि त्याला जुन्या विहिरीचा वास येई. ते वाळू देण्यात दोन आठवडे गेले. मग खालून चिकटपट्टी लावून त्या पोकळीत घट्ट केलेले इपॉक्सी भरले, आणि ते दगडासारखे झाल्यावर त्याच्या मधोमध नवे भोक पाडले. आता पाणी यदाकदाचित उतरलेच तर बोल्टच्या बाजूने खाली गळेल, लाकडात शिरणार नाही. नवे बोल्ट सिलिकॉन ब्रॉन्झचे घेतले. ते स्टेनलेसइतके चमकत नाहीत, लवकर काळवंडतात, पण कोंदट जागी दगा देत नाहीत. भोकाच्या तोंडाशी किंचित खोलगट कड करून तेथे ब्यूटिल रबराची चिकट पट्टी वळ्यासारखी बसविली, आणि नट एकदम न आवळता काही दिवसांच्या अंतराने थोडेथोडे आवळले, म्हणजे लुकण सगळेच दाबून बाहेर येत नाही.

शेवटी बुचे. भाचा ती इपॉक्सीने चिकटविणार होता. शेजारच्या टेकूवरील नौकेवर काम करणारे एक वृद्ध अमेरिकन सुतार बराच वेळ पाहत होते. त्यांनी खालूनच त्याला थांबविले. ते म्हणाले, बुचाला फक्त रोगण लाव आणि तंतूंची दिशा दांडीशी जुळवून ठोक. रोगण पाणी अडवावयास पुरे आहे. इपॉक्सीने चिकटविलेस तर पुढे ज्याला हे उघडावयाचे असेल त्याला दांडी फोडावी लागेल. भाचा म्हणाला, आता वीस-पंचवीस वर्षे उघडावे लागणार नाही. सुतार म्हणाले, म्हणूनच सांगतो. तेव्हा उघडणारा तू नसशील.

गोव्यास परतल्यावर मी समितीची बैठक मागितली आणि रंगाऱ्याने सांगितलेली गोष्ट सांगितली. दोघेतिघे रुष्ट झाले. मिटलेले प्रकरण उकरून काढण्यात देवस्थानाची अब्रू काय राहिली, असे एकाने विचारले, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. चिटणीसपद मी सोडले. परंतु कठडा उघडून पाहण्याचा ठराव झाला. चोवीस गजांपैकी नऊ शिशाखाली कुजलेले निघाले. नवा कठडा आता दगडात पुरलेला नाही. प्रत्येक गजाच्या पायाशी जाड पट्टी असून ती चार बोल्टांनी पायरीवर बसविलेली आहे, बोल्ट उघडे आहेत, आणि पाना लावून कोणालाही ते सोडविता येतात. दिसावयास ते तितकेसे शोभिवंत नाही.

काकींनाही मी ती गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, काही बोलल्या नाहीत, आणि मला पेज घेऊन जा म्हणाल्या. हल्ली त्या काठी घेऊन पुन्हा तळीत उतरतात. कठड्याला हात घालण्यापूर्वी त्या एकदा तो हलवून पाहतात.